‘अन्टिल आफ्टर थर्सडे’ : चोपड्यातल्या एका निरोपाचं प्रकरण

‘डू नॉट कट अन्टिल आफ्टर थर्सडे.’

एप्रिलमधल्या एका मंगळवारी संध्याकाळी हा सहा शब्दांचा निरोप चोपडा तालुक्यात तापीकाठच्या एका गावातल्या केळी पॅकहाउसच्या फोनवर आला. पाठवणारा मुंबईचा निर्यातदार. कटाई बुधवारी ठरली होती, पण रीफर, म्हणजे माल थंड ठेवणारा, कंटेनर वेळेवर लागत नाही असं दिसल्यावर त्यानं घाईत एवढंच लिहिलं. फोन सांभाळणाऱ्या 23 वर्षांच्या मुलानं ते वाचलं आणि मालकांना, म्हणजे आप्पांना, सांगितलं, ‘आप्पा, गुरुवारपर्यंत कटाई थांबवा म्हणतात.’ आप्पांनी मजुरांना बुधवारऐवजी गुरुवारी पहाटे बोलावलं. घड उतरले, फण्या सुटल्या, हौदात धुतल्या गेल्या, दुपारपर्यंत 13 किलोचे बॉक्स भरून शेडमध्ये थप्प्या लागल्या. कंटेनर आला शुक्रवारी संध्याकाळी.

एप्रिलात आमच्याकडे पारा चाळिशी ओलांडतो. या पॅकहाउसला स्वतःची शीतखोली तेव्हा नव्हती. निर्यातीची केळी झाडावरून उतरली की लवकरात लवकर तेरा-चौदा अंशांच्या थंडीत जावी लागते. समुद्रप्रवास आणि बंदरातले दिवस धरून ती हिरवीच पोहोचायला हवी. एक फणी पिकायला लागली की तिच्यातून सुटणारा इथिलीन वायू शेजारच्या फण्यांनाही पिकवतो. दीड दिवस उन्हाळ्यात उभ्या राहिलेल्या मालाची निर्यातदारानं हमी घेतली नाही. एक कंटेनरभर माल देशी बाजारात मिळेल त्या भावानं काढावा लागला.

मी चोपड्यात संध्याकाळी इंग्रजीचा वर्ग घेते. हा मुलगा मे महिन्यात माझ्याकडे आला. त्याच्या आणि आप्पांच्या परवानगीनं, नावं वगळून, मी हे प्रकरण लिहून ठेवते आहे. त्याच्याकडून जी चूक झाली ती मी इतकी वर्षं वह्यांमध्ये तांबड्या पेनानं खोडत आले, पण ती का होते, हे मी कधी धड पाहिलं नव्हतं.

वही

पहिल्या दिवशी त्यानं एक छोटी वही पुढे केली. आलेला प्रत्येक इंग्रजी निरोप तो त्यात उतरवून घ्यायचा आणि शब्दाखाली शब्द मराठी लिहायचा. कामाबद्दल इतकी काळजी असलेला मुलगा मी क्वचित पाहिला आहे. त्या मंगळवारच्या पानावर असं होतं:

डू नॉट कट – कापू नका. अन्टिल – पर्यंत. आफ्टर – नंतर. थर्सडे – गुरुवार.

‘नंतर’वर पेन्सिलीची आडवी रेघ होती.

‘ही रेघ का मारलीस?’ मी विचारलं.

‘मॅडम, पर्यंत आणि नंतर एकत्र कसं होईल? एकतर गुरुवारपर्यंत, नाहीतर गुरुवारनंतर. मला वाटलं, घाईत एक शब्द जास्तीचा पडला त्यांच्या हातून. आधी अन्टिल लिहिलंय म्हणून ते खरं धरलं.’

या उत्तरावर मी बराच वेळ विचार करत होते. त्याला सगळे शब्द येत होते. अन्टिल म्हणजे काय, आफ्टर म्हणजे काय, दोन्हींचे अर्थ अचूक. ‘पोराचं इंग्रजी कच्चं’ असं म्हणून सोडून देण्यासारखं हे नव्हतं. दोन शब्द एकावर एक चढतात तेव्हा काय होतं, हे त्याला कुणी दाखवलं नव्हतं आणि म्हणून वाक्य अडल्यावर त्यानं त्यातला एक शब्द काढून टाकला.

नुसतं ‘अन्टिल थर्सडे’ असतं तर तो पूर्ण चुकला असता का? नाही, आणि इथेच खरी मेख आहे. ‘गुरुवारपर्यंत थांब’ म्हटल्यावर आपल्याकडे माणूस गुरुवार उजाडला की हालचाल सुरू करतो. उलट ‘गुरुवारपर्यंत सुट्टी’ म्हटलं की गुरुवार सुट्टीतच धरतो. मराठी ‘पर्यंत’ गुरुवारच्या कुठल्या कडेला थांबतो ते संदर्भानं ठरतं, आणि इंग्रजी ‘अन्टिल’चंही थोडंफार तसंच आहे. ती संदिग्धता जावी म्हणूनच लिहिणारा मध्ये ‘आफ्टर’ घालतो. गुरुवार आख्खा जाऊ द्या, मग. ज्या शब्दावर रेघ पडली त्याच शब्दावर तो कंटेनर उभा होता.

शाळेतला नियम

त्यानं मला त्याच्या आठवीच्या गाइडमधला तक्ता तोंडपाठ म्हणून दाखवला. इन म्हणजे मध्ये, ऑन म्हणजे वर, अंडर म्हणजे खाली, फ्रॉम म्हणजे पासून, टिल म्हणजे पर्यंत. मी स्वतः हाच तक्ता शिकले आणि पुढे शिकवलाही. तक्त्याखाली नियम असतो: प्रीपोझिशननंतर नाम किंवा सर्वनाम येतं. हा नियम डोक्यात घट्ट बसलेला मुलगा ‘अन्टिल’ वाचला की पुढे नामाची वाट पाहतो. समोर येतो ‘आफ्टर’, म्हणजे दुसरा प्रीपोझिशन. मग त्याला वाक्य चुकलेलंच वाटणार.

प्रत्यक्ष इंग्रजी हा नियम रोज मोडत असते. ‘अन्टिल रीसन्टली’मध्ये अन्टिलनंतर क्रियाविशेषण आहे. ‘बाय नाऊ’, ‘सिन्स देन’, ‘फ्रॉम हिअर’, ‘फॉर लेटर’, सगळ्यांत तेच. ‘फ्रॉम अंडर द बेड’, ‘फ्रॉम बिहाइंड द ट्रक’, ‘सिन्स बिफोर द वेडिंग’ यांत तर एका प्रीपोझिशनच्या पोटात दुसरा आख्खा प्रीपोझिशनचा गट आहे. हे कुणी कवी लिहीत नाही, भाजी आणायला निघालेला माणूसही असंच बोलतो.

डॅनिश भाषाशास्त्रज्ञ ऑटो येस्पर्सन यांनी 1924 मध्येच दाखवलं होतं की क्रियाविशेषण आणि प्रीपोझिशन यांच्यामध्ये शाळेचं व्याकरण जी भिंत बांधतं ती फार पातळ आहे. ‘पुट युअर कॅप ऑन’ आणि ‘पुट युअर कॅप ऑन युअर हेड’ या दोन्हींतला ‘ऑन’ एकच. एकदा त्याच्यामागे नाम आहे, एकदा नाही, एवढाच फरक. 2002 साली आलेल्या रॉडनी हडलस्टन आणि जेफ्री पुलम यांच्या मोठ्या इंग्रजी व्याकरणानं हा विचार पुढे नेला. हिअर, देअर, होम, अपस्टेअर्स, अब्रॉड हे शब्दसुद्धा त्यांनी प्रीपोझिशनांतच धरले, फक्त मागे नाम न घेणारे.

आपल्याला यात नवल वाटायचं कारण नाही. ‘मांजर झाडावर चढलं’मधला ‘वर’ शब्दयोगी अव्यय आणि ‘मांजर वर चढलं’मधला ‘वर’ क्रियाविशेषण अव्यय, हे आपण सातवी-आठवीत शिकलोय. शब्द तोच. नामाला चिकटला की एक नाव, सुटा राहिला की दुसरं. येस्पर्सनला जे मुद्दाम पटवून द्यावं लागलं, ते मराठी मुलाला आधीच ठाऊक असतं. फक्त इंग्रजीच्या तासाला ते त्याच्या उपयोगाला येऊ दिलं जात नाही.

टेबलाखालून

दुसऱ्या दिवशी मी वर्गात माझी पेन्सिल मुद्दाम टेबलाखाली टाकली आणि त्याला उचलायला सांगितली.

‘कुठून उचललीस?’

‘टेबलाखालून.’

तो शब्द मी फळ्यावर तोडून लिहिला: टेबला – खाल – ऊन. त्याच्याखाली इंग्रजी: फ्रॉम – अंडर – द टेबल. मग बाण काढले. ‘ऊन’ शेवटचा, तो इंग्रजीत पहिला. ‘खाल’ मधला, तो मधलाच. ‘टेबल’ पहिलं, ते शेवटी. आपण नामाच्या पाठीमागे डबे जोडत जातो, इंग्रजी नामाच्या पुढे जोडत जाते. डबे तेच, त्यांचा आपसातला क्रमही तोच, गाडी फक्त उलटी उभी.

त्यानं खडू घेतला आणि स्वतः लिहायला लागला. दारामागून, फ्रॉम बिहाइंड द डोअर. कोठीमागून, फ्रॉम बिहाइंड द ग्रेन बिन. त्यांच्या घरी धान्याच्या कोठीमागून मांजर निघतं म्हणे. मग वेळेचे शब्द घेतले. तेव्हापासून, सिन्स देन. आतापर्यंत, अन्टिल नाऊ. कालपर्यंत, अन्टिल यस्टरडे. ‘आत्ताआत्तापर्यंत आमच्याकडे ठिबक नव्हतं’ हे वाक्य त्याचंच; ‘अन्टिल रीसन्टली’ मी सांगितलं. ‘हे जेवणानंतरसाठी ठेव’ला ‘फॉर आफ्टर डिनर’. पुढचं वाक्य त्यानं न विचारता बनवलं: ‘हा ट्रॅक्टर आमच्याकडे ताईच्या लग्नाआधीपासून आहे.’ लग्ना – आधी – पासून. थोडा अडखळला, मग म्हणाला, ‘सिन्स बिफोर माय सिस्टर्स वेडिंग?’

‘बरोबर. आता नंतर आणि पर्यंत.’

फळ्यावर ‘गुरुवार’ लिहिलं, त्याच्यामागे ‘नंतर’, त्याच्यामागे ‘पर्यंत’. ‘गुरुवारनंतरपर्यंत’ असा शब्द आपण बोलत नाही. आपण ‘गुरुवार उलटेपर्यंत’ किंवा ‘गुरुवार सरेपर्यंत’ म्हणतो. पण तोडून लिहिलेलं पाहिलं की अर्थ लगेच कळतो. तो फळ्याकडे बघत राहिला. खडू हातातच होता.

‘म्हणजे गुरुवार सरू द्यायचा होता,’ तो म्हणाला.

मी त्या दिवशी पुढचं काही घेतलं नाही.

आरसा कुठे तडकतो

हा उलट क्रमाचा आरसा हाती आल्यावर पहिला आठवडा फार सुखाचा गेला, आणि दुसऱ्या आठवड्यात त्यानंच नव्या चुका घडवल्या. त्या मी टिपून ठेवल्या. कुठल्याही युक्तीची हद्द कुठे संपते हे विद्यार्थ्याला वेळेवर सांगितलं नाही तर त्याचा विश्वास उडतो.

पहिली चूक ‘ऊन’ची. त्यानं लिहिलं, ‘द ट्रक वेंट फ्रॉम अंडर द ब्रिज.’ मराठीत ट्रक पुलाखालूनच जातो. पण आपलं ‘ऊन’ दोन कामं करतं. पेन्सिल टेबलाखालून उचलली तेव्हा टेबलाखालची जागा हे सुरुवातीचं ठिकाण होतं. ट्रक पुलाखालून गेला तेव्हा पूल हा वाटेतला टप्पा होता, सुरुवात दुसरीकडेच कुठेतरी. इंग्रजी सुरुवातीच्या ठिकाणाला ‘फ्रॉम’ लावते, वाटेतल्या टप्प्याला लावत नाही: ‘द ट्रक वेंट अंडर द ब्रिज.’ भिंतीवरून उडी मारली, तर नुसतं ‘ओव्हर द वॉल’. मी त्याला एक प्रश्न दिला: वस्तू आधी तिथे होती का? पेन्सिल होती, म्हणून फ्रॉम. ट्रक नव्हता, म्हणून नाही.

दुसरी चूक ‘पर्यंत’ची, आणि व्यापारात हीच सगळ्यात महाग पडते. ‘द ट्रक विल रीच टिल फाइव्ह.’ त्याच्या वहीत अशी सात वाक्यं होती. ‘पाच वाजेपर्यंत थांब’ आणि ‘पाच वाजेपर्यंत ये’ या दोन वाक्यांत आपला ‘पर्यंत’ एकच, पण थांबणं पाचपर्यंत सलग चालू राहतं, तर येणं पाचच्या आत एकदाच घडतं. इंग्रजी पहिल्याला अन्टिल किंवा टिल म्हणते, दुसऱ्याला बाय. म्हणून ‘वेट टिल फाइव्ह’, पण ‘कम बाय फाइव्ह’. क्रियाविशेषण आलं तरी हाच भेद: ‘आय हॅव वेटेड अन्टिल नाऊ’, पण ‘ही शुड हॅव कम बाय नाऊ’. मराठीत दोन्हींना ‘आत्तापर्यंत’. त्याला मी क्रियापदाआधी ‘सतत’ घालून बघायला सांगितलं. ‘सतत थांब’ जमतं, तिथे टिल. ‘सतत पोहोच’ जमत नाही, तिथे बाय.

‘पासून’चंही असंच. ‘सोमवारपासून लाइट नाही’ला सिन्स मंडे, पण ‘दोन दिवसांपासून लाइट नाही’ला फॉर टू डेज. सोमवार हा एक खुंटा आहे, तिथून मोजायचं. दोन दिवस ही लांबी आहे. हे त्याला एका बैठकीत कळलं.

तिसरी मात्र मला स्वतःला फार आवडते. त्यानं एकदा लिहिलं होतं, ‘कंटेनर केम बिफोर टू डेज.’ दोन दिवसांपूर्वी, म्हणून बिफोर टू डेज. इथे त्यानं आरसा बरोबर वापरला आणि तरी वाक्य चुकलं, कारण या एका जागी इंग्रजी आपल्यासारखी वागते: ‘टू डेज अगो’. अगो हा इंग्रजीतला असा शब्द आहे की तो आपल्या शब्दयोगी अव्ययासारखा नामाच्या मागे उभा राहतो. मध्ययुगीन इंग्रजीत तो ‘अगॉन’ होता, म्हणजे गेलेला, सरलेला. टू डेज अगो म्हणजे शब्दशः ‘दोन दिवस गेले’. आमच्याकडे माणूस हेच म्हणतो: ‘कंटेनर येऊन दोन दिवस झाले.’ आणि दोन गोष्टींमधलं अंतर सांगायचं असेल तर इंग्रजी मापाचा शब्द पुढे ठेवते: ‘टू डेज बिफोर दिवाळी’. दिवाळीच्या दोन दिवस आधी. मापाचा क्रम इथेही मराठीसारखाच, ‘दोन दिवस’ मग ‘आधी’. ‘राइट आफ्टर’ला लगेच नंतर, ‘जस्ट बिफोर’ला अगदी आधी. हे ‘दोन दिवस’, ‘लगेच’, ‘अगदी’ दोन्ही भाषांत आधी किंवा नंतर या शब्दाच्या पुढेच चिकटून बसतात.

घर

त्याचे जुने निरोप चाळताना एक गोष्ट सारखी दिसत होती. ‘ड्रायव्हर वेंट टु होम.’ ‘आय विल कम टु देअर.’ ‘सेठ इज गोइंग टु अब्रॉड.’ हे ‘टु’ कुठून येतं हे उघड आहे. गेला कुठे? म्हणजे दिशा, म्हणजे टु. तक्त्यातला नियम.

त्याची घरची बोली अहिराणी. मी विचारलं, ‘संध्याकाळी पॅकहाउसवरून निघताना आप्पांना काय सांगतोस?’

‘आप्पा, मी घर चालनू.’

‘आणि मांजर कुठे आहे म्हणून विचारलं तर?’

‘घरमा.’

दोन्ही शब्द मी फळ्यावर लिहिले. घर, घरमा. होम, इन द हाउस. अहिराणीत घरी जाताना ‘घर’ला काहीच लागत नाही, इंग्रजीत ‘होम’ला काहीच लागत नाही. मांजर भिंतींच्या आत असेल तेव्हा अहिराणी ‘मा’ जोडते, इंग्रजी ‘इन’ जोडते. हे पाहून तो मोकळेपणानं हसला, महिनाभरात पहिल्यांदा. त्याच्या बोलीला इंग्रजीशेजारी फळ्यावर जागा मिळेल अशी त्याची कल्पना नव्हती. शाळेत त्याला ‘अहिराणी बोलू नकोस, शुद्ध बोल’ एवढंच ऐकायला मिळालं होतं. मला वाटतं त्या दिवसापासून त्यानं माझं म्हणणं खऱ्या अर्थानं ऐकायला सुरुवात केली.

इंग्रजी ‘होम’चा उघडेपणा फार जुना आहे. जुन्या इंग्रजीत नामांना विभक्तीचे प्रत्यय होते, आणि जाण्याच्या क्रियेबरोबर हा शब्द द्वितीयेच्या रूपात, प्रीपोझिशनशिवाय, यायचा. विभक्त्या झिजल्या, सवय राहिली.

हिअर आणि देअरचा इतिहास तर आमच्या वर्गात सगळ्यांनाच आवडला. पूर्वी इंग्रजीत तीन-तीन रूपं होती. हिअर म्हणजे इथे, हिदर म्हणजे इकडे, हेन्स म्हणजे इथून. तसंच देअर, दिदर, देन्स: तिथे, तिकडे, तिथून. मराठीतल्या तिन्ही रूपांशी ती थेट जुळतात. पुढे रोजच्या बोलण्यातून हिदर गेला आणि त्याचं काम हिअरनंच उचललं. म्हणून ‘कम हिअर’, टु नको, कारण तो हिअरच्या पोटात आहे. हेन्स गेला तेव्हा मात्र त्याची जागा ‘फ्रॉम हिअर’ या जोडीनं घेतली. म्हणून जाताना टु नाही, पण निघताना फ्रॉम हवाच: गो होम, पण फ्रॉम होम, गो अब्रॉड, पण फ्रॉम अब्रॉड, गो अपस्टेअर्स, पण फ्रॉम अपस्टेअर्स. वर जा, पण वरून ये. मराठीही ‘वर’ला ‘ला’ लावत नाही, ‘ऊन’ मात्र लावते. अहिराणीत ‘आठे बस’ आणि ‘आठे ये’ला एकच ‘आठे’ चालतं, निघताना मात्र ‘आठून’. इंग्रजी हिअरची आजची स्थिती अगदी तशीच आहे. अंतर दाखवताना, ‘फ्रॉम हिअर टु देअर’ किंवा ‘अप टु हिअर’ असं म्हणताना, टु येतो. ‘इथपासून तिथपर्यंत’मधला तो ‘पर्यंत’ आहे. त्यानं हा अपवाद न सांगता ओळखला.

ऑन लास्ट मंडे, ऑन टुमॉरो यांचा निकाल झटपट लागला: लास्ट, नेक्स्ट, धिस, एव्हरी आणि यस्टरडे-टुमॉरो असले की पुढचा ऑन गळतो. ‘गेल्या सोमवारी’, ‘उद्या’. आपण ‘उद्याला’ म्हणतो कधीकधी, पण ते वेगळं.

‘अप देअर’, ‘इन हिअर’, ‘डाउन बाय द रिव्हर’, ‘बॅक अ‍ॅट द फार्म’ या जोड्यांवर मात्र आम्ही रेंगाळलो. यांत उलटापालट नाही. ‘डाउन बाय द रिव्हर’ म्हणजे ‘खाली नदीकाठी’, क्रम जसाच्या तसा. आधी ढोबळ दिशा, मग नेमकी जागा. त्याचं शेत खरंच खाली तापीकाठी आहे, आणि पॅकहाउस वर सडकेला. निर्यातदाराच्या माणसाला शेताचा पत्ता सांगताना तो आजवर ‘निअर टु तापी रिव्हर साइड’ लिहायचा. ‘डाउन बाय द रिव्हर, राइट बिहाइंड द पंप हाउस’ हे त्यानं लिहिलं तेव्हा मला नदीकडे उतरणारा तो रस्ता दिसला. पंपाची खोली, तिच्या अगदी मागे बाग. ‘बॅकसाइड ऑफ पंप हाउस’पेक्षा हे किती सरळ आहे.

आप्पा

जूनमध्ये मी आप्पांना भेटायला गेले. मृगबागेची लागवड चालू होती, ते बांधावर बसले होते. मुलाला कामावरून काढलं नाही, याबद्दल मी बोलले तेव्हा ते म्हणाले, ‘ताई, चूक पोराची एकट्याची नाही. त्यानं गुरुवार म्हटलं, मी तारीख विचारली नाही. मजुराला मी तारखेशिवाय कधी बोलावतो का?’

आप्पांचं हे म्हणणं मला व्याकरणाइतकंच महत्त्वाचं वाटतं. जळगावच्या केळीला 2016 साली भौगोलिक मानांकन मिळालं, आणि मुंबईशी, बंदराशी, परदेशातल्या गिऱ्हाइकाशी होणारा व्यवहार आता गावागावांतल्या अशा पोरांच्या फोनवर येऊन पडतो. निरोप लिहिणाऱ्यानंही ‘नॉट बिफोर फ्रायडे इव्हनिंग’ लिहिलं असतं तर एवढं रामायण झालं नसतं. मुलाला मी एक सवय लावली. एकावर एक चढलेले शब्द दिसले की शेवटून पुढे वाचायचे, एकही शब्द न खोडता. मग अर्थ आपल्या साध्या इंग्रजीत, तारीख आणि वाजलेली वेळ घालून, उलट विचारायचा. विचारण्यात कमीपणा नाही हे त्याच्या गळी उतरवायला मला प्रीपोझिशनपेक्षा जास्त दिवस लागले.

त्याच्या लिहिण्यात अजून ‘सिन्स टू डेज’ येतं, घाईत असला की. बाय आणि टिल आता सहसा चुकत नाहीत. दिशेचा टु होमपुढून गेला, अब्रॉडपुढे मात्र अजून येतो.

दिवाळीनंतर आप्पांनी भागीदारीत शीतखोली उभी केली. पहिल्या कंटेनरच्या दिवशी दुपारी निर्यातदाराचा निरोप आला, आणि मुलानं तो लगेच माझ्याकडे पाठवला. विचारायला नाही, दाखवायला. ‘प्लीज डोन्ट लोड अन्टिल अ‍ॅट लीस्ट टू अवर्स आफ्टर द रूम रीचेस फोर्टीन.’ खाली त्याच्या वहीच्या पानाचा फोटो होता. शेवटून पुढे लिहिलेलं: खोली 14 वर आल्या – नंतर – किमान दोन तास – पर्यंत – भरू नका. एकही शब्द खोडलेला नव्हता. त्याच्याखाली, खोलीचा काटा 14 वर कधी आला त्याची नोंद: 1.50.

त्यानं निर्यातदाराला लिहिलेलं उत्तरही त्यात होतं. ‘रूम रीच्ड फोर्टीन अ‍ॅट 1.50. सो नॉट बिफोर 3.50 टुडे. करेक्ट?’

‘करेक्ट,’ असं उत्तर आलं. आप्पांनी चारला दार उघडलं.